अज्ञात कार्बनी संयुग ओळखताना ऑक्सिडीकरणाच्या टेस्ट कशा वाचाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या स्पॉटिंगमध्ये (अज्ञात संयुग ओळखण्याच्या प्रात्यक्षिकात) गडबड होते ती टेस्ट करताना कमी आणि तिचा अर्थ लावताना जास्त. म्हणून कृती आणि प्रमाणे दिली आहेतच, पण भर निष्कर्षावर आहे.

ऑक्सिडीकरणाची टेस्ट ‘आली’ म्हणजे नेमके काय सिद्ध झाले?

एवढेच, की त्या तापमानाला आणि त्या वेळात तुमच्या नमुन्यातल्या कशाने तरी अभिकारकाला इलेक्ट्रॉन दिले. हे ‘कशाने तरी’ म्हणजे मूळ संयुग असेल, त्यातली अशुद्धी असेल, द्रावक म्हणून घातलेले अल्कोहोल असेल किंवा नीट न धुतलेली परीक्षानळीही असेल. टॉलेन्सला (अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटच्या टेस्टला) काचेवर चांदीचा आरसा आला की ‘अल्डिहाइड’ लिहून मोकळे व्हायची सवय इथेच नडते. आरसा हायड्रोक्विनोनही देते, फॉर्मिक आम्लही देते आणि ग्लुकोजही देते.

म्हणून प्रत्येक टेस्टसोबत तीन गोष्टी टिपून ठेवा: किती वेळात आली, थंडीत की गरम केल्यावर, आणि ब्लँक नळीत (नमुना सोडून बाकी सगळे घातलेल्या) त्याच वेळी काय दिसत होते. ‘नारिंगीचे हिरवे झाले’ हे निरीक्षण अर्धवट आहे. ‘नारिंगीचे हिरवे दोन सेकंदांत झाले, ब्लँक दोन मिनिटांनंतरही नारिंगी’ यातून काही ठरवता येते.

या टेस्ट कोणत्या टप्प्यावर कराव्यात?

ज्योत, लॅसेन (सोडियमबरोबर तापवून नायट्रोजन, गंधक, हॅलोजन शोधणारी टेस्ट) आणि विद्राव्यता यांच्या नंतर. संयुग बायकार्बोनेटमध्ये फसफसते का, सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळते का, विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळते का, नायट्रोजन किंवा गंधक आहे का, हे कळल्याशिवाय टॉलेन्सला हात लावू नका. तटस्थ, फक्त कार्बन-हायड्रोजन-ऑक्सिजन असलेले संयुग निघाले तर आधी २,४-डीएनपी (डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिन), म्हणजे कार्बोनिल गटाची टेस्ट. पिवळा ते नारिंगी-लाल साका आला, तरच अल्डिहाइड की किटोन हा प्रश्न उभा राहतो. डीएनपी नकारात्मक असताना टॉलेन्स सकारात्मक आली, तर संशय अल्डिहाइडवर नव्हे, दुसऱ्या कुठल्या तरी क्षपणकावर घ्यायचा.

एक अपवाद. सिनॅमिल अल्कोहोलसारख्या ॲलिलिक अल्कोहोलांचे डीएनपीच्या अभिकारकातच थोडे ऑक्सिडीकरण होऊन साका येऊ शकतो. अगदी कमी साका आला तर तो कार्बोनिलचा पुरावा मानू नका.

टॉलेन्सचे अभिकारक कसे बनवायचे?

परीक्षानळी आधी गरम १०% सोडियम हायड्रॉक्साइडने, मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्लोराइड असते. सिल्व्हर नायट्रेट घालताच पांढुरके धुके दिसले तर दोष पाण्याचा आहे.

५% सिल्व्हर नायट्रेटचे २ मिली द्रावण घ्या, त्यात १०% सोडियम हायड्रॉक्साइडचा एकच थेंब टाका. सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी साका येईल. आता सुमारे २% अमोनिया थेंबाथेंबाने टाकत हलवत राहा आणि साका जेमतेम विरघळला की थांबा. किंचित गढूळपणा राहिला तरी हरकत नाही. लिकर अमोनिया (बाटलीतले तीव्र द्रावण) थेट वापरू नका, दहा-बारा पट विरल करा. एका थेंबातच साका नाहीसा झाला म्हणजे अमोनिया जास्त झाला. जादा अमोनिया चांदीचे आयन घट्ट धरून ठेवतो, अभिकारक मंद होते आणि सौम्य क्षपणक सुटून जातात. ‘माझी टॉलेन्स येतच नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असते. उन्हाळ्यात अर्धी रिकामी अमोनियाची बाटली कमजोर पडते तेव्हा उलट प्रकार होतो: थेंब मोजून टाकणाऱ्याचा साका विरघळतच नाही. थेंब मोजू नका, साक्याकडे बघा.

तयार अभिकारकात नमुन्याचे एक-दोन थेंब किंवा ३० ते ५० मिलिग्रॅम घन घाला, हलवा आणि नळी दहा मिनिटे न हलवता ठेवा. काही झाले नाही तर ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाच मिनिटे. बर्नरवर उकळायचे नाही. फार तापवले तर नुसते अभिकारकही काळवंडते, आणि हे मिश्रण कोरडे पडू देणे धोक्याचे आहे.

आरसा न येता काळा किंवा करडा गाळ आला. टेस्ट आली म्हणायचे का?

चांदी मोकळी झाली एवढे खरे, म्हणून ब्लँक स्वच्छ असेल तर होय. काच तेलकट असेल, नमुना जास्त पडला असेल किंवा अभिक्रिया फार झपाट्याने झाली असेल, तर चांदी काचेला न चिकटता गाळ म्हणून खाली बसते. नमुना निम्मा करून, स्वच्छ नळीत, न हलवता पुन्हा करा.

लॅसेनमध्ये गंधक आले असेल तर मात्र हा नियम लावू नका. थायोयुरिया टॉलेन्सला काळा साका देते. तो साका सिल्व्हर सल्फाइडचा, त्यात ऑक्सिडीकरणाचा संबंध नाही. थायोयुरिया परमँगनेटचा रंगही घालवते, त्यामुळे दोन ‘सकारात्मक’ टेस्टच्या जोरावर तिला असंपृक्त अल्डिहाइड ठरवणारे उत्तरपत्र दरवर्षी कुठे ना कुठे सापडतेच.

अल्डिहाइड नसूनही टॉलेन्स देणारी संयुगे कोणती?

स्पॉटिंगच्या यादीत नेहमी असणारी अशी: ग्लुकोज, फ्रुक्टोज, माल्टोज, लॅक्टोज, हायड्रोक्विनोन, कॅटेकोल, पायरोगॅलॉल आणि गरम केल्यावर रिसॉर्सिनॉल, फॉर्मिक आणि टार्टारिक आम्ल, बेंझॉइनसारखी अल्फा-हायड्रॉक्सी किटोन, अमिनोफेनॉल, फिनाइलहायड्रॅझिन आणि हायड्रॉक्सिलअमिन.

यांना वेगळे काढणे अवघड नाही. शर्करा पाण्यात सहज विरघळतात, इथरमध्ये नाही, तापवल्या की करपतात आणि मॉलिश (कर्बोदकांची टेस्ट) देतात. फेनॉलवर्गीय संयुगे सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळून लवकरच तपकिरी होतात आणि फेरिक क्लोराइडला रंग देतात. आम्ले बायकार्बोनेटमध्ये फसफसतात. बेंझॉइनला डीएनपी येऊ शकते, तिथे १३७ अंशांच्या आसपासचा द्रवणांक मदतीला येतो.

आम्लाची टॉलेन्स करायची असेल तर आधी विरल अमोनियाने त्याचे उदासिनीकरण करा. नाहीतर अभिकारकातला अमोनिया आम्लच खाऊन टाकते आणि टेस्ट बिघडते.

संयुग पाण्यात विरघळत नाही. द्रावक कोणता घालू?

टॉलेन्ससाठी अल्डिहाइडमुक्त इथेनॉलचे काही थेंब, आणि तेवढ्याच थेंबांचा ब्लँक. क्रोमिक आम्लासाठी शुद्ध ॲसिटोन. परमँगनेटसाठीही ॲसिटोनच बरे, कारण इथेनॉल स्वतः सावकाश ऑक्सिडाइझ होते. आयोडोफॉर्मसाठी डायॉक्सेन. तिथे इथेनॉल किंवा ॲसिटोन घेतले तर द्रावकाचीच टेस्ट सुंदर येते.

टॉलेन्स आली, पण फेहलिंग आली नाही. कोणावर विश्वास ठेवू?

दोन्हींवर. डीएनपी आणि शिफ (अल्डिहाइडला गुलाबी-जांभळा रंग देणारी टेस्ट) सकारात्मक असतील, तर ही जोडी अरोमॅटिक अल्डिहाइडची ठळक खूण आहे. फेहलिंगमधले टार्टरेटला बांधलेले तांबे हे चांदीपेक्षा सौम्य ऑक्सिडीकारक आहे. बेंझाल्डिहाइडसारख्या, अल्फा हायड्रोजन नसलेल्या अरोमॅटिक अल्डिहाइडवर त्याचे फारसे चालत नाही. अल्क द्रावणात उकळत राहिलात तर बेंझाल्डिहाइड कॅनिझारो अभिक्रियेच्या (अर्ध्याचे आम्ल, अर्ध्याचे अल्कोहोल) वाटेने जाते. वासावरून खूण पटली तरी फेहलिंग येत नाही म्हणून गोंधळून जाऊ नका.

कृती अशी: फेहलिंग अ (लिटरमागे ६९.२८ ग्रॅम स्फटिकी कॉपर सल्फेट) आणि फेहलिंग ब (लिटरमागे ३४६ ग्रॅम रोशेल मीठ, म्हणजे सोडियम पोटॅशिअम टार्टरेट, आणि १२० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड) प्रत्येकी १ मिली ऐन वेळी मिसळा. गडद निळे, स्वच्छ द्रावण झाले पाहिजे. त्यात नमुन्याचे ४-५ थेंब किंवा ०.१ ग्रॅम घालून उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवा. शेजारी ब्लँक ठेवाच, कारण जुने, मिसळून ठेवलेले फेहलिंग नुसते तापवल्यावरही थोडा लाल गाळ देते.

ॲलिफॅटिक अल्डिहाइड आणि क्षपणक शर्करा लाल क्युप्रस ऑक्साइड देतात. फॉर्मल्डिहाइड कधी कधी त्याही पुढे जाऊन नळीला तांब्याचा मुलामा चढवते. क्लोरोफॉर्मही फेहलिंगचे क्षपण करते. लॅसेनमध्ये क्लोरीन आले असेल तर हे ध्यानात असू द्या.

फेहलिंगमध्ये हिरवा रंग दिसतो. हे काय?

निळ्या द्रावणात थोडा पिवळा गाळ तरंगला की डोळ्याला हिरवे दिसते. नळी पाच मिनिटे स्थिर ठेवा किंवा सेंट्रिफ्यूज करा. तळाशी पिवळा-लाल गाळ बसला तर टेस्ट क्षीण सकारात्मक, नाही बसला तर नकारात्मक.

फ्रुक्टोज किटोन आहे, मग ती फेहलिंग का देते?

अल्क माध्यमात ती एनडायॉलमार्गे (दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनांवर हायड्रॉक्सिल असलेल्या रूपातून) ग्लुकोज आणि मॅनोजमध्ये बदलते, शिवाय अल्फा-हायड्रॉक्सी किटोन म्हणून स्वतःही ऑक्सिडाइझ होते. म्हणून फेहलिंग, बेनेडिक्ट आणि टॉलेन्स यांपैकी एकही टेस्ट ग्लुकोज-फ्रुक्टोज वेगळे करू शकत नाही. तिघींचे माध्यम अल्क आहे.

ब्रोमीनचे पाणी मात्र हे काम करते. किंचित आम्लधर्मी माध्यमात एनडायॉलचा रस्ता बंद असतो, त्यामुळे ग्लुकोजचे ग्लुकॉनिक आम्ल होऊन रंग हळूहळू जातो, फ्रुक्टोजमध्ये तो टिकतो. सेलिवानॉफ (किटोन शर्करांना लवकर लाल रंग देणारी टेस्ट) जोडीला करा. ओसाझोन (फिनाइलहायड्रॅझिनबरोबर बनणारे स्फटिक) दोघींचा एकच येतो, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका.

साखर म्हणजे सुक्रोज फेहलिंग देत नाही. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर पाच मिनिटे उकळून, सोडियम कार्बोनेटने उदासीन करून पुन्हा केली तर देते. उदासिनीकरण विसरलात तर फेहलिंगमधला अल्क मारला जातो आणि सुक्रोज ‘नकारात्मक’च राहते.

क्रोमिक आम्लाची टेस्ट दोन सेकंदांचीच का धरायची?

या टेस्टचा सगळा जीव वेळेत आहे. २५ ग्रॅम क्रोमियम ट्रायऑक्साइड २५ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्लात कालवून ते मिश्रण सावकाश ७५ मिली पाण्यात ओतले की अभिकारक तयार होते. १ मिली ॲसिटोनमध्ये नमुन्याचा एक थेंब किंवा १० ते १५ मिलिग्रॅम, त्यात अभिकारकाचा एकच थेंब, आणि लगेच हलवा.

प्राथमिक आणि द्वितीयक अल्कोहोल दोन सेकंदांत नारिंगी रंग घालवून अपारदर्शक निळसर-हिरवे करतात. अधिक सहा अवस्थेतला क्रोमियम अधिक तीनवर आला, हे त्या हिरव्याचे कारण. ॲलिफॅटिक अल्डिहाइडला साधारण ५ ते १५ सेकंद लागतात, अरोमॅटिक अल्डिहाइडला ३० ते ९०. तृतीयक अल्कोहोलात कार्बिनॉल कार्बनवर (ज्याला हायड्रॉक्सिल जोडलेला आहे त्यावर) हायड्रोजनच नाही, म्हणून नारिंगी रंग टिकतो. किटोनमध्येही टिकतो. दोन मिनिटांनंतर जे दिसेल ते वाचायचे नाही, कारण तोवर ॲसिटोनही डगमगू लागतो, आणि स्वस्त ॲसिटोनमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर त्याहून आधीच.

फेनॉल आणि अनिलीन इथे काळपट तपकिरी चिकटा देतात. तो हिरवा नव्हे. त्याला सकारात्मक लिहू नका.

काही महाविद्यालयांत याऐवजी पोटॅशिअम डायक्रोमेट आणि विरल सल्फ्युरिक आम्ल गरम करून वापरतात. ती टेस्ट मंद आहे, शिवाय तापवल्यावर तृतीयक अल्कोहोलातून पाणी निघून अल्कीन बनते आणि त्याचे ऑक्सिडीकरण होऊन हिरवा रंग येऊ शकतो. तृतीयक-ब्युटिल अल्कोहोल फसवते ते इथे.

मग प्राथमिक आणि द्वितीयक अल्कोहोल वेगळे कसे करायचे?

लुकास (झिंक क्लोराइड आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल) ही पहिली पायरी. तृतीयक लगेच गढूळ होते, द्वितीयक पाचेक मिनिटांत, प्राथमिक खोलीच्या तापमानाला होत नाही. लुकास फक्त अभिकारकात विरघळणाऱ्या, म्हणजे साधारण सहा कार्बनपर्यंतच्या अल्कोहोलांना चालते. बेंझिल आणि ॲलिल अल्कोहोल प्राथमिक असूनही झटकन देतात.

दुसरी वाट ऑक्सिडीकरणाच्या उत्पादनाची, आणि ती जास्त भरवशाची आहे. १ मिली अल्कोहोल डायक्रोमेट आणि विरल सल्फ्युरिक आम्लाबरोबर सौम्य तापवा, वाकड्या नळीतून येणारे पहिले काही थेंब बर्फात ठेवलेल्या पाण्यात गोळा करा. त्या पाण्याला डीएनपी आणि शिफ दोन्ही आल्या तर अल्कोहोल प्राथमिक. डीएनपी आली, शिफ नाही, तर द्वितीयक. इथेनॉलपासून येणारे ॲसिटाल्डिहाइड २१ अंशांनाच उकळते, म्हणून बर्फ हवाच. जड अल्कोहोलांना ही पद्धत जमत नाही.

सेरिक अमोनियम नायट्रेटची टेस्ट ऑक्सिडीकरणाची धरायची का?

सुरुवातीचा लाल रंग हा अल्कोहोल सेरिअमला बांधले गेल्याचा, तो ऑक्सिडीकरणाचा नव्हे. ऑक्सिडीकरण नंतर होते आणि तेव्हा रंग जातो. म्हणून ही टेस्ट तृतीयक अल्कोहोलही देतात. क्रोमिक आम्ल नकारात्मक आणि सेरिक सकारात्मक, म्हणजे तृतीयक अल्कोहोल: ही जोडी फार कामाची आहे. फेनॉल पाण्यात तपकिरी किंवा हिरवट-तपकिरी साका देतात.

परमँगनेटचा रंग गेला. दुहेरी बंध नक्की का?

नाही. विरल, थंड परमँगनेट म्हणजे बायरची टेस्ट. अल्कीन आणि अल्काइन ती देतात, तशीच अल्डिहाइड, फेनॉल, ॲरोमॅटिक अमिन, फॉर्मिक आम्ल आणि थायॉलही देतात. अल्कोहोलातली अल्डिहाइडची लवभर अशुद्धीही एखाद-दुसरा थेंब खाते.

०.१ ग्रॅम किंवा दोन थेंब नमुना २ मिली पाण्यात किंवा ॲसिटोनमध्ये घ्या, आणि २% परमँगनेट थेंबाथेंबाने टाकत हलवा. जांभळा रंग जाऊन मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गाळ दिसला पाहिजे. एकच थेंब खपला तर ती अशुद्धी समजा. असंपृक्त संयुगात थेंबामागून थेंब खपत राहतात. ब्लँकमध्ये किती थेंब खपतात ते मोजून त्यातून वजा करा. नळीमागे पांढरा कागद धरा, नाहीतर फिकट जांभळे आणि फिकट तपकिरी यांतला फरक ट्यूबलाइटखाली कळत नाही.

आम्ल घालून गरम केलेल्या परमँगनेटची टेस्ट निराळी. तिथे ऑक्झॅलिक आम्लही रंग घालवते आणि दुहेरी बंधाशी त्याचा काही संबंध नाही.

ब्रोमीन आणि परमँगनेट यांचे निकाल जुळत नाहीत.

न जुळणे हीच माहिती आहे. परमँगनेट झटकन आणि ब्रोमीन फार हळू किंवा नाहीच, असे असेल तर दोन शक्यता. एक, ऑक्सिडाइझ होणारा गट आहे पण दुहेरी बंध नाही, उदाहरणार्थ अल्डिहाइड. दोन, दुहेरी बंधाला कार्बोक्सिलसारखा इलेक्ट्रॉन ओढणारा गट चिकटलेला आहे. सिनॅमिक, मॅलेइक आणि फ्युमॅरिक आम्ल या दुसऱ्या गटातली. त्यांच्यावर ब्रोमीन मिळवायला वेळ लागतो, परमँगनेट मात्र चालते.

उलट ब्रोमीन जाते पण परमँगनेट टिकते, असे असेल तर एनॉल होऊ शकणाऱ्या किटोनचा विचार करा. तिथे ब्रोमीनची मिळवणी होत नाही, प्रतियोजन होते आणि हायड्रोजन ब्रोमाइडचा धूर येतो. नळीच्या तोंडाशी ओला निळा लिटमस धरला की कळते. दोन्ही गेले आणि ब्रोमीनने पांढरा साकाही दिला, तर फेनॉल किंवा अनिलीन.

आयोडोफॉर्म टेस्ट कधी फसवते?

ही मिथिल किटोनची टेस्ट म्हणून पाठ असते, पण अल्कोहोलांच्या बाबतीत तिची पहिली पायरी ऑक्सिडीकरणाचीच आहे. इथेनॉल हे ती देणारे एकमेव प्राथमिक अल्कोहोल, ॲसिटाल्डिहाइड हे एकमेव अल्डिहाइड. ज्या द्वितीयक अल्कोहोलात कार्बिनॉलशेजारी मिथिल गट आहे, तीही देतात.

०.१ ग्रॅम नमुना २ मिली पाण्यात किंवा डायॉक्सेनमध्ये, १०% सोडियम हायड्रॉक्साइड १ मिली, मग पोटॅशिअम आयोडाइडमधले आयोडीन हलवत थेंबाथेंबाने, तपकिरी रंग टिकेपर्यंत. ६० अंशांच्या पाण्यात दोन मिनिटे ठेवा, रंग गेला तर आणखी आयोडीन घाला. शेवटी जादा आयोडीन सोडियम हायड्रॉक्साइडच्या दोन-तीन थेंबांनी घालवा, पाणी घाला आणि पंधरा मिनिटे थांबा. पिवळा साका आणि दवाखान्याची आठवण करून देणारा वास हवा. शंका असेल तर साका गाळून द्रवणांक घ्या, तो ११९ ते १२१ अंश असतो.

आयोडीन कमी पडले की टेस्ट येत नाही. अल्क फार झाले तर तयार झालेले आयोडोफॉर्मही विघटित होते. इथिल ॲसिटेटचे अल्कात जलविघटन होऊन इथेनॉल सुटते, त्यामुळे एस्टर असूनही साका येऊ शकतो.

नायट्रो संयुगांत ऑक्सिडीकरणाची टेस्ट उलटी वाचायची म्हणजे काय?

फेरस हायड्रॉक्साइडच्या टेस्टमध्ये ऑक्सिडीकारक तुमचे संयुग असते. हिरवट फेरस हायड्रॉक्साइडचे एका मिनिटात तांबूस-तपकिरी फेरिक हायड्रॉक्साइड झाले, की नायट्रो गट असण्याची शक्यता. हवेतला ऑक्सिजनही हेच करतो, म्हणून नळीला बूच लावा आणि ब्लँक ठेवा.

दुसरी, जास्त वापरली जाणारी टेस्ट मुलिकन-बार्करची. नमुना ५०% अल्कोहोलात घेऊन अमोनियम क्लोराइड आणि चिमूटभर जस्ताची भुकटी घालून पाच मिनिटे उकळा, निवल्यावर गाळ थेट टॉलेन्समध्ये न टाकता वरचे द्रावण गाळून टॉलेन्समध्ये सोडा. नायट्रोचे क्षपण होऊन झालेले हायड्रॉक्सिलअमिन करडा-काळा साका देते. मूळ संयुगच टॉलेन्स देत असेल, जसे नायट्रोबेंझाल्डिहाइड, तर ही टेस्ट निरर्थक ठरते. म्हणून आधी क्षपण न करता टॉलेन्स करून बघायची.

ग्लिसरॉल किंवा ग्लायकॉलचा संशय आहे.

परआयोडिक आम्ल. ०.५% द्रावण २ मिली, तीव्र नायट्रिक आम्लाचा एक थेंब, नमुन्याचा एक थेंब, १५ सेकंद हलवा आणि ५% सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब घाला. लगेच पांढरा सिल्व्हर आयोडेट आला तर शेजारच्या दोन कार्बनांवर हायड्रॉक्सिल आहेत. तपकिरी साका आला आणि हलवल्यावर गेला तर तो परआयोडेटचा, नकारात्मक समजा.

एखादे पूर्ण उदाहरण?

रंगहीन द्रव, धुरकट ज्योत, नायट्रोजन-गंधक-हॅलोजन नाहीत, तटस्थ, पाण्यात अविद्राव्य. डीएनपी नारिंगी. उमेदवार बेंझाल्डिहाइड आणि ॲसिटोफिनोन.

इथे नवखे लोक साधिताकडे (ओळख पटवण्यासाठी नमुन्यापासून बनवलेल्या, ठरावीक द्रवणांकाच्या घन संयुगाकडे) धावतात आणि अडकतात. बेंझाल्डिहाइडच्या डीएनपीचा द्रवणांक २३७ अंशांच्या आसपास, ॲसिटोफिनोनच्या डीएनपीचा २३८ ते २४०. महाविद्यालयातल्या तापमापीवर हा फरक दिसत नाही. उत्कलनांक १७९ आणि २०२ असे लांब आहेत, पण अशुद्ध नमुना आणि घाईघाईतली केशनळी यांनी दहा अंशांची चूक सहज होते.

ऑक्सिडीकरण इथे निर्णय देते. टॉलेन्स कोमट पाण्यात आरसा देत असेल, फेहलिंग येत नसेल, क्रोमिक आम्ल मिनिटभराने हिरवे होत असेल आणि आयोडोफॉर्म येत नसेल, तर बेंझाल्डिहाइड. टॉलेन्स नाही, क्रोमिक नारिंगीच, आणि आयोडोफॉर्मचा भरपूर पिवळा साका, तर ॲसिटोफिनोन. मग साधित म्हणून सेमिकार्बाझोन करा: द्रवणांक बेंझाल्डिहाइडचा २२२, ॲसिटोफिनोनचा १९८, गोंधळाला जागा नाही.

बेंझाल्डिहाइडच्या जुन्या बाटलीत एक गंमत असते. हवेने त्याचे बेंझॉइक आम्ल होते, बुडाशी पांढरे स्फटिक दिसतात आणि नमुना बायकार्बोनेटमध्ये फसफसतो. त्यावरून ‘आम्ल’ लिहू नका. नमुना सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुऊन तेलकट थर घ्या आणि पुन्हा सुरुवात करा.

बाजूच्या साखळीचे ऑक्सिडीकरण साधित म्हणून केव्हा करावे?

टोल्युइन, झायलीन, नायट्रोटोल्युइन, क्लोरोटोल्युइन अशा, दुसरे सोयीचे साधित नसलेल्या संयुगांचे. १ ग्रॅम संयुग, ८० मिली पाणी, ४ ग्रॅम पोटॅशिअम परमँगनेट आणि १०% सोडियम हायड्रॉक्साइड १ मिली एकत्र करून जांभळा रंग जाईपर्यंत, म्हणजे एक ते तीन तास रिफ्लक्स करा. निवल्यावर सल्फ्युरिक आम्लाने आम्लधर्मी करा आणि मँगनीज डायऑक्साइड सोडियम बायसल्फाइटने घालवा. आम्ल गाळून पाण्यातून पुनर्स्फटिकीकरण करा.

साखळी कितीही लांब असली तरी वलयावर एकच कार्बोक्सिल उरतो. टोल्युइन आणि इथिलबेंझीन दोघांपासून १२२ अंशांचे बेंझॉइक आम्लच मिळते, म्हणून साखळीची लांबी यातून कळत नाही. तृतीयक-ब्युटिल गटाला हात लागत नाही, कारण बेंझिलिक हायड्रोजन नाही. पॅरा-नायट्रोबेंझॉइक आणि पॅरा-क्लोरोबेंझॉइक दोघांचे द्रवणांक २४० च्या आसपास. तिथे लॅसेनकडेच परत जावे लागते.

क्रोमिअम आणि परमँगनेटचा कचरा बेसिनमध्ये ओतला तर चालतो का?

नाही. सहा अवस्थेतले क्रोमियम कर्करोगकारक आहे. हातमोजे घाला, उरलेल्या द्रावणात आम्ल माध्यमात सोडियम बायसल्फाइट घालून सगळे हिरवे करा, मग अल्क घालून हायड्रॉक्साइडचा साका काढा आणि वेगळ्या डब्यात जमा करा. घन क्रोमियम ट्रायऑक्साइडवर ॲसिटोन किंवा अल्कोहोल थेट ओतू नका, पेट घेते. परमँगनेटचे तपकिरी डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने निघतात.

आधीच्या बॅचने बनवलेले टॉलेन्स रॅकवर आहे. वापरू का?

नाही, आणि ती नळी हलवूही नका. अमोनियाकल सिल्व्हर द्रावण ठेवून दिले की त्यात स्फोटक काळा पदार्थ तयार होतो, कोरडा पडल्यावर तो नुसत्या धक्क्यानेही उडू शकतो. प्रयोगशाळेतल्या शिक्षकांना कळवा. स्वतःचे टॉलेन्स मात्र लागेल तेवढेच बनवायचे आणि टेस्ट वाचून झाली की लगेच विरल नायट्रिक आम्ल घालून नष्ट करायचे. काचेवरचा आरसा गरम विरल नायट्रिक आम्लात विरघळतो, पण त्या वेळी निघणारा तपकिरी वायू विषारी असतो, म्हणून हे फ्यूम हूडमध्येच करा आणि चांदीचे द्रावण वेगळ्या बाटलीत जमा करा.